गुलाबांची छाटणी : पाऊस थांबल्यावर कात्री कुठे लावायची आणि कुठे नाही?

गंगापूररोड | २ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नाशिकच्या या घरात आम्ही जानेवारीत राहायला आलो, तेव्हा मागच्या अंगणात १७ गुलाब होते. आधीच्या मालकीणबाईंनी लावलेले, त्यातले काही २० वर्षांचे. घराच्या किल्ल्या देताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "गुलाबांकडे बघा." या गावाला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत हे शाळेत वाचलं होतं, पण १७ गुलाब एकदम अंगावर आल्यावर काय करायचं ते शाळेत शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारीत एक परदेशी व्हिडिओ बघून मी सगळी झाडं गुडघ्याच्या खाली छाटली. मार्चमध्ये भरपूर फूट आली. एप्रिलच्या उन्हात ती कोवळी फूट करपली आणि मेअखेर तीन झाडं वाळून गेली. माझ्या हातून गेली, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून या वेळी आधी विचारते आहे.

उरली १४. पावसाळ्यात अंदाधुंद वाढलीत. पानांवर काळे ठिपके, काही फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येताहेत. एक झाड तर माझ्या डोक्याच्या वर गेलंय आणि त्याला वर्षभरात एकही फूल नाही. सासूबाई रोज पूजेला फुलं तोडतात, त्यांचं म्हणणं, "फुलं तोडली की झाली छाटणी, वेगळी कशाला?" शेजारचे काका सांगतात, मुळं उघडी करून आठ दिवस ऊन दाखवा. कोणाचं ऐकू?

---

मुळाकाठ | २ ऑक्टोबर, रात्री १०:५५

मी पुण्यात ३० वर्षं गुलाब करतो आहे. एकेक घेतो.

आधी फेब्रुवारीचं. तो व्हिडिओ चुकीचा नसेल, पण तिकडच्या हवेसाठी असेल. थंड देशात बर्फाच्या दिवसांत झाड झोपतं, हिवाळा सरता सरता छाटलं की पुढे वसंत आणि सौम्य उन्हाळा असतो. आपल्याकडे फेब्रुवारीत छाटलं की कोवळ्या फुटीच्या डोक्यावर थेट चैत्र-वैशाख येतो. शिवाय पानं गेली की खोडावर सावली राहत नाही, साल भाजते. तुमची तीन झाडं उन्हाने गेली.

आपल्या गुलाबाचं वर्ष पावसावर बांधलेलं आहे. पाऊस ओसरला, रात्री जरा गार वाटायला लागल्या, की मुख्य छाटणी. पुणे-नाशिककडे साधारण १५ ऑक्टोबर ते ऑक्टोबरअखेर. तारखेपेक्षा आकाश बघा. परतीचा पाऊस अजून दोन सरी देणार असेल तर थांबा, कारण ताज्या कापावर पाणी बसलं की बुरशी आत शिरते. तुम्ही म्हणता ते शेंड्याकडून काळं पडत येणं म्हणजे 'डायबॅक', आणि त्याला उघडी जखम आणि ओल दोन्ही लागतात.

तुम्ही तर नाशिकच्या आहात. याच महिन्यात तुमच्या आसपास द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चाललेली असते. बागायतदार कात्री काढताना दिसले की गुलाबाचीही वेळ झाली असं समजायला हरकत नाही.

आज फक्त एक काम करा. प्रत्येक झाडाजवळ उकिडव्या बसा आणि बुंधा बघा. कात्री घरात ठेवून या.

---

गंगापूररोड | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

बघितला बुंधा. बहुतेकांना मातीलगत एक जाडसर गाठ आहे, तिथून तीन ते सहा जाड फांद्या वर येतात. त्या उंच झाडाची गाठ मात्र मातीत गेली आहे. माती सारून बघितली तर गाठीच्या खालून चार हिरव्यागार लांब फांद्या आल्यात, आणि गाठीच्या वर एकच करड्या रंगाची, बोटाएवढी जाड फांदी आहे, अर्धी सुकलेली.

---

मुळाकाठ | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मग कोडं सुटलं. ती गाठ म्हणजे कलमाची गाठ. खाली रानटी गुलाबाचा खुंट असतो, त्याच्या सालीत हव्या त्या जातीचा डोळा (जिथून कोंब फुटतो तो फुगीर ठिपका) भरतात. खुंट मुळं पुरवतो, फुलं वरच्या जातीची. गाठीखालून जे फुटतं ते सगळं खुंटाचं. खुंट जोमदार असतो, त्यामुळे वरच्या जातीचं अन्न तोच पळवतो. तुमच्या उंच झाडात आज खुंट राज्य करतोय आणि मालकीणबाईंचा मूळ गुलाब त्या एका करड्या फांदीत तग धरून आहे.

"सात पानं म्हणजे खुंट, पाच म्हणजे कलम" असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर जाऊ नका. आजकालच्या कित्येक चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फांदी कुठून निघते ते माती सारून बघणं हाच पुरावा. खुंट मल्टिफ्लोरा असेल तर आणखी एक खूण आहे: पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारखी बारीक झालर असते. बागेतल्या बहुतेक गुलाबांची ती कड साधी असते.

या फांद्या कात्रीने मातीलगत कापू नका. कापल्या तर बुडातल्या डोळ्यांतून एकाच्या तीन होतात. माती सारा, जिथून निघाली तिथे धरून खाली हिसका देऊन ओरबाडून काढा, म्हणजे बुडातले डोळेही निघतील. हे काम आत्ताही चालेल, छाटणीची वाट बघायची गरज नाही.

---

निर्माल्यवाटी | ३ ऑक्टोबर, दुपारी २:१५

सासूबाईंच्या मुद्द्यावर लिहिते, कारण आमच्याकडेही हाच वाद होता. त्यांचं निम्मं खरं आहे. फूल झाडावर राहिलं की पाकळ्या गळून त्याखालचं बोंड फुगायला लागतं. बोंडात बी असतं. बी धरलं की झाडाला पुढच्या फुलांची घाई उरत नाही, सगळं अन्न तिकडे. रोज पूजेला फूल तोडणारी घरं नकळत हेच काम करत आली आहेत. आमच्या आजीच्या अंगणातला गावठी गुलाब बारा महिने फुलायचा त्याचं मला हेच कारण वाटतं.

पण फूल तोडताना आपण मान मोडतो. नुसतं फूल हातात, पूजेला देठ लागत नाही. मागे राहतो तो वीतभर दांडा. तो वाळतो, आणि वाळणं कधी कधी खाली उतरतं. म्हणून मी सासूबाईंना लहान कात्री आणून दिली आणि एवढंच सांगितलं: फुलाखाली उतरत या, आधी तीन-तीन पानांची डहाळी लागेल, मग पाच पानांची. ती पाच पानांची डहाळी जिथे फांदीला चिकटते त्याच्या थोडं वर कापा. फूल देवाला, दांडा खताच्या खड्ड्यात. महिनाभरात त्या माझ्यापेक्षा नेटकं कापायला लागल्या.

---

वाफा | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

@निर्माल्यवाटी, पाच पानांचा नियम चांगला आहे, पण त्यात एक पुस्ती जोडतो. तो सशक्त झाडासाठी. फुलाजवळचा डोळा लवकर फुटतो पण बारीक दांडा देतो, खालचा जाड डोळा वेळ घेतो पण लांब, भक्कम दांडा देतो. त्यामुळे फुलदाणीसाठी हवं असेल तर खाली जायचं. पण झाड अशक्त असेल, नवं असेल, किंवा ठिपक्यांनी निम्मी पानं झडलेली असतील, तर फक्त सुकलेलं फूल मानेखाली खुडा आणि पानं सगळी ठेवा. प्रत्येक पान म्हणजे झाडाची चूल आहे. आजारी माणसाच्या घरातली चूल कोणी विझवत नाही.

---

गंगापूररोड | ३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

सासूबाईंना वाचून दाखवलं. "म्हणजे माझं बरोबर होतं," म्हणाल्या, आणि कात्री मागितली आहे.

किती छाटायचं ते सांगाल का? अर्धं, पाऊण, गुडघ्याएवढं? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचलं.

---

मुळाकाठ | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

उंची शेवटी. त्याआधी तीन गोष्टी काढायच्या, आणि अनेकदा त्या काढल्यावर छाटायला फारसं उरतही नाही.

पहिलं, मेलेलं. काळी-तपकिरी फांदी कापत खाली या. प्रत्येक कापाला गाभा बघा. तपकिरी असेल तर अजून खाली. पांढरा किंवा किंचित हिरवट गाभा लागला की थांबा. हे अर्धवट सोडू नका, एक बोटभर तपकिरी राहिली तरी रोग तिथून पुढे चालत राहतो. दुसरं, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. त्या चांगलं फूल धरू शकत नाहीत. तिसरं, एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात वळलेल्या फांद्या. झाडाचं पोट मोकळं झालं की वारा खेळतो, काळे ठिपके आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दोन्ही कमी होतात.

मग उंची. एका दांड्यावर एकच मोठं फूल देणारे, म्हणजे हायब्रीड टी गुलाब (ग्लॅडिएटर वगैरे) निम्म्यावर आणा, दीड ते दोन फुटांच्या आसपास, चार-सहा चांगल्या फांद्या ठेवून. झुपक्याने फुलणारे फ्लोरिबंडा वरून फक्त एक तृतीयांश. मिनिएचरला नुसता आकार द्यायचा. २० वर्षांच्या झाडाला मात्र एकदम खाली आणू नका. जुनं, खडबडीत, करडं लाकूड दरवेळी फुटतंच असं नाही. त्याच्या एक-दोन म्हाताऱ्या फांद्या या वर्षी बुडातून काढा, एक-दोन पुढच्या वर्षी. तीन वर्षांत झाड नवं होतं.

काप डोळ्याच्या वर अर्ध्या सेंटीमीटरवर, डोळा बाहेरच्या बाजूला तोंड करून असलेला. फार वर कापलं तर खुंटी वाळते, फार जवळ कापलं तर डोळा सुकतो. तिरप्या कापावर लोक भांडतात. थोडा उतार पुरे, फार तिरपा काप म्हणजे उगाच मोठी जखम. त्यापेक्षा कात्रीची धार महत्त्वाची. दोन पाती एकमेकींशेजारून सरकतात ती सिकेटर घ्या. एक पातं सपाट पट्टीवर आपटतं ती कात्री हिरवी फांदी चेचते, ती फक्त वाळक्या लाकडाला ठेवा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

---

वाफा | ४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

कापाला काय लावायचं ते राहिलं. आमच्याकडे आधी शेण लावायचे, कोणी हळद. आता बोर्डो पेस्ट. घरापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी अजिबात नको. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवा. खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा. अंगठ्याएवढ्या जाड कापांना ब्रशने लावा, बारीक काड्यांना गरज नाही. हातमोजे घालायला विसरू नका.

आता शेजारच्या काकांचा विषय. मी त्यांच्या बाजूने आहे. आमची सांगलीकडची काळी कसदार जमीन. ऑक्टोबरमध्ये बुंध्याभोवतीची वीतभर माती काढून आठवडाभर मुळं उघडी ठेवायची, पाणी बंद. निम्मी पानं गळतात. मग शेणखत भरून पाणी दिलं की सगळे डोळे एकदम फुटतात. वडील असंच करायचे, मीही करतो.

---

मुळाकाठ | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

वाफा, मीही २० वर्षं केलं. त्यामागचा विचार मला पटतो. आपल्याकडे झाडाला झोपवणारी थंडी नाही, म्हणून माणसाने ताण देऊन झोपवायचं. भारी काळ्या जमिनीत पावसाची ओल आत साठून राहते, तिथे मोकळी हवा लागल्याचा फायदाही होत असेल. पण मुरमाड, पटकन वाळणाऱ्या मातीत वरच्या तंतुमुळ्या दोन दिवसांत जळतात, आणि अन्न घेणाऱ्या मुळ्या त्याच. एका वर्षी मी निम्मी झाडं उघडी केली, निम्मी नाही. फुलं दोन्हीकडे आली, उघडी न केलेली आठवडाभर आधी. तेव्हापासून सोडलं. आता छाटणीआधी फक्त चार-पाच दिवस पाणी तोडतो.

कुंडीत तर अजिबात नको.

---

वाफा | ४ ऑक्टोबर, रात्री ८:००

तुमच्या जमिनीत तसं होत असेल, मान्य. माझ्या जमिनीत मी सोडणार नाही. ताई, तुमची माती मुठीत दाबून बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर काकांचं ऐका, भुगा झाला तर मुळाकाठ यांचं.

---

गंगापूररोड | ४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

भुगा झाला.

आणखी एक. आमच्या ओळखीच्या एका बागायतदारांनी द्राक्षाच्या छाटणीनंतर काडीला लावतात ते औषध थोडं देऊ केलंय. त्याने डोळे एकसारखे फुटतात म्हणे. गुलाबाला चालेल?

---

मुळाकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री ८:५२

नको. ते हायड्रोजन सायनामाइड असणार. द्राक्षाच्या उघड्या, पक्व काडीसाठी आहे, गुलाबाची हिरवी साल आणि पानं जाळेल. माणसालाही घातक आहे, ते हाताळणाऱ्याने आधी आणि नंतर दारूला शिवायचंही नसतं. घरच्या अंगणात, सासूबाई फुलं तोडतात तिथे, हे आणूच नका. गुलाबाचे डोळे फुटायला छाटणी, पाणी आणि ऊन पुरेसं आहे.

---

कातळफूल | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

कोकणातून. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पावसाचा भरवसा नसतो आणि हवेत दमट उकाडा असतो. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी कात्री लावत नाही. पावसाळ्यात चार महिने फक्त खुडणी. भिजलेली कळी उमलत नाही, तपकिरी गोळा होऊन सडते, ती दिसली की त्याच दिवशी काढायची. आणि गळलेली ठिपक्यांची पानं रोज उचलायची. ती खड्ड्यात टाकत नाही, जाळते. हे उचलणं मला छाटणीइतकंच मोलाचं वाटतं. पाऊस पडला की त्या पानांवरचाच रोग उडून वर जातो.

---

संत्रानगर | ५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

नागपूर. ऑक्टोबर छाटणी आमचीही तशीच, पण मला उन्हाळ्याबद्दल सांगायचंय, कारण धागा सुरू झाला तो उन्हाने गेलेल्या झाडांवरून. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. मी तेव्हा सुकलेली फुलंही खोलवर कापत नाही. फक्त पाकळ्या आणि बोंड चिमटीने काढते, देठ-पानं जिथल्या तिथे. कळ्या बारीक आल्या तर येऊ देते, कधी कधी खुडूनच टाकते, म्हणजे झाडाचा जीव वाचतो. बुंध्यावर पालापाचोळ्याचा चार बोटं थर. मग मृगाचा पाऊस लागल्यावर हलकी साफसफाई. उन्हाळ्यात झाड कुरूप दिसतं. दिसू द्यावं.

---

थेम्सकाठ | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४५

मी लंडनजवळ राहते, मूळची कोल्हापूरची. इथे मी खरोखरच फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये छाटते, मुळाकाठ म्हणतात ते बरोबर आहे. एक फरक सांगते. इथे सप्टेंबरनंतर मी सुकलेली फुलं खुडणं थांबवते. मुद्दाम बोंडं धरू देते, म्हणजे झाड नवी कोवळी फूट काढायचं थांबवतं. नाहीतर ती फूट पहिल्या कडक थंडीत मरते. तुम्ही नेमक्या त्याच महिन्यांत छाटून नवी फूट बोलावता. पहिल्या वर्षी मी आईला फोन करून "आत्ता छाटू नकोस" असं सांगत होते आणि ती मला "आत्ताच छाट" म्हणत होती. दोघी आपापल्या अंगणापुरत्या बरोबर होतो.

कोणाकडे वर्षातून एकदाच फुलणारे जुने गुलाब किंवा बँक्सिया जातीच्या गुलाबाची वेल असेल, तर ती या छाटणीत धरू नका. ती गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलते. फुलण्याआधी छाटली तर त्या वर्षीची फुलं गेलीच. पुन्हा पुन्हा फुलणं हा चीनमधल्या गुलाबांचा गुण. १८ व्या शतकाच्या शेवटी ते गुलाब युरोपात पोचले, त्यांचा तिथल्या गुलाबांशी संकर झाला आणि पुढे १८६७ मध्ये 'ला फ्रान्स' आला, त्याला पहिला हायब्रीड टी मानतात. आपण फूल खुडून दुसऱ्याची वाट बघू शकतो ते त्या चिनी रक्तामुळे.

---

गंगापूररोड | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

कुंपणावर एक वेलीगुलाब आहे, तो वर्षभर अधूनमधून फुलतो, पण फक्त टोकाला. खाली सगळा उघडा दांडा.

---

हरितगृह | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मावळात पॉलीहाऊसमध्ये गुलाबाचं काम करतो. वेलीचं उत्तर आमच्या कामातच आहे. झाडाचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंड्यात तयार होणारा रस खाली उतरत असतो, तोवर खालचे डोळे फुटत नाहीत. शेंडा काढा किंवा फांदी आडवी करा, दाब सुटतो. तुमच्या वेलीच्या मुख्य फांद्या कापू नका, कुंपणाला जमेल तितक्या आडव्या बांधा. सुतळीने, सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन. आडव्या फांदीवर जागोजागी डोळे उभे राहतील. बाजूच्या बारक्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणा.

आम्ही कळी न देणारी किंवा बारीक फांदी कापतच नाही, खाली मोडून वाकवून ठेवतो. 'बेंडिंग' म्हणतात. ती फुलं देत नाही, पण तिची पानं मुळांना अन्न पुरवत राहतात, आणि बुंध्यातून जाड नवा कोंब येतो. घरी एखाद्या रोडावलेल्या झाडावर करून बघा. मला या धंद्यात पहिली गोष्ट हीच शिकवली: पान कापण्याआधी विचार कर.

दिवसांचा हिशोबही सांगतो. आमचं वर्ष १४ फेब्रुवारीवर असतं. बाहेरगावी जाणारा माल जानेवारीअखेरपासून निघायला हवा, म्हणून १५ डिसेंबरच्या आसपास शेंडे घेतो. साधारण ४५ दिवस. थंडी जास्त पडली की चार-पाच दिवस वाढतात, आणि ते चार-पाच दिवस आमची झोप घेतात.

---

मुळाकाठ | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

अगदी. आमचं प्रदर्शनवाल्यांचंही तेच गणित. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या शेवटी असतं, त्यासाठी काही झाडं मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा हलकी कापतो. प्रत्येक जातीचे दिवस वेगळे, वहीत लिहून ठेवावे लागतात. ताई, तुम्हीही एक वही करा. झाडाला नंबर, छाटणीची तारीख, पहिलं फूल.

---

गंगापूररोड | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००

गेले नऊ दिवस पाऊस नाही. आज छाटणी केली. सकाळी सात ते दुपारी एक, १४ पैकी ११ झाडं. दोन फार अशक्त होती, त्यांची फक्त मेलेली काडी काढली.

उंच झाडाच्या, म्हणजे वहीतल्या ९ नंबरच्या, खुंटाच्या चारही फांद्या ओरबाडून काढल्या. एक काही केल्या निघेना, यजमानांनी पहारीने माती सैल करून दिली. पानाच्या बुडाशी कंगव्यासारखी झालर होती! ती बघताना या धाग्यावर कोणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटलं. आता तिथे फक्त ती एक करडी फांदी आहे, एवढ्या मोठ्या आळ्यात अगदी केविलवाणी. गाभा बघत कापत गेले, सात वेळा तपकिरी निघाला, आठव्या कापाला पांढरा. हातभर लांब उरली आहे.

४ नंबरच्या बुडाशी मात्र फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत गाठ दिसली, कलमाच्या गाठीहून वेगळी. हे काय?

---

वाफा | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४०

क्राऊन गॉल असावा. जिवाणूने होणारा रोग, जखमेतून शिरतो, मातीत टिकतो. त्याला औषध नाही. झाड मुळासकट आणि भोवतीच्या मातीसकट काढा, त्या जागी काही वर्षं गुलाब लावू नका. ज्या कात्रीने त्याला हात लावला ती स्पिरिटमध्ये चांगली बुडवून मगच पुढच्या झाडाला लावा. वाईट वाटेल, पण बाकी १३ साठी करा.

---

गंगापूररोड | १९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

त्याला अजून कात्री लावली नव्हती, सुदैवाने. उद्या काढते.

---

निर्माल्यवाटी | २० ऑक्टोबर, सकाळी ९:००

छाटल्यावर लगेच खत नको हं. डोळे लाल होऊन गव्हाच्या दाण्याएवढे फुगले की मग. आळ्यात झाडागणिक दोन-तीन ओंजळी कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, थोडा हाडांचा चुरा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, म्हणजे केवडा पडला, तर फेरस, म्हणजे लोह, द्यावं लागेल, काळ्या-चुनखडीच्या मातीत ते होतं. पहिली कोवळी पानं आली की उलटून बघत जा, मावा आणि फुलकिडे तिथेच बसतात. पानांना अर्धगोल, कात्रीने कापल्यासारखी भोकं दिसली तर घाबरू नका. पानं कापून घरटं करणाऱ्या एका मधमाशीचं काम असतं ते, झाडाला काही होत नाही. फवारू नका.

---

गंगापूररोड | २ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

१४ दिवस. दहा झाडांवर लाल कोंब. एका झाडाच्या एकाच डोळ्यातून तीन कोंब निघालेत, काय करू? ९ नंबर अजून शांत आहे. सासूबाई रोज त्याला पाणी घालताना काहीतरी पुटपुटतात.

---

हरितगृह | २ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

तीनपैकी मधला जोमदार ठेवा, बाकी दोन अंगठ्याने खुडा, कोवळे आहेत तोवर. ९ नंबरला वेळ द्या. पाणी कमी, पानं नसलेल्या झाडाला पाणी पिता येत नाही, मुळं कुजतात. सासूबाईंना सांगा पुटपुटणं रोज, पाणी चार दिवसांनी.

---

गंगापूररोड | ८ डिसेंबर, सकाळी ८:१०

पन्नासावा दिवस. काल संध्याकाळी ६ नंबरची कळी रंग दाखवत होती, आज सकाळी उमलली. गडद लाल, मोठी. ११ पैकी आठ झाडांवर कळ्या आहेत. दोन मागे आहेत, सावलीतली. एक छाटलेलं झाड फुटलंच नाही, गाभा पार खालपर्यंत तपकिरी निघाला. बहुधा मी आधीच उशीर केला होता. वेल आडवी बांधली, तिच्यावर मोजून २३ नवे कोंब आहेत, सगळे वरच्या बाजूला उभे, दातांसारखे रांगेत.

आणि ९ नंबर. २६ नोव्हेंबरला गाठीच्या जरा वर, अगदी करड्या सालीतून, एक कोंब आला. आता वीतभर आहे, तांबूस पानं, झालर नाही. तीनदा तपासलं, गाठीच्या वरच आहे.

आज मालकीणबाईंना फोन केला आणि विचारलं, कोपऱ्यातल्या त्या झाडाला कसलं फूल यायचं. म्हणाल्या, फिकट पिवळं, कडेला गुलाबी, आणि वासाचं. त्यांना वाटलं होतं ते कधीच गेलं.

---

मुळाकाठ | ८ डिसेंबर, सकाळी ८:३५

त्या कोंबाला पहिली कळी येईल ती वाटाण्याएवढी असतानाच खुडा. दुसरीही. जड जाईल, पण त्याला आत्ता फुलापेक्षा पानं हवी आहेत. शेजारी बांबूची काठी रोवून सैल बांधा, जुन्या लाकडातून आलेला कोंब वाऱ्याने मुळापासून निखळतो. फूल होळीच्या सुमारास बघू.

---

गंगापूररोड | ८ डिसेंबर, सकाळी ८:५०

काठी रोवली. कळी खुडायचं काम सासूबाई करणार नाहीत म्हणाल्या, ते माझ्याकडे आहे. ६ नंबरचं फूल त्यांनी पाच पानांच्या डहाळीवर मोजून कापलं, आत्ताच देवघरात गेलं.